फुलांचे वाळवण

फुले सुकवण्यासंबंधी जे काही छापून येते, त्यात पहिली अट बहुधा एकच असते : खोली कोरडी, हवेशीर आणि अंधारी असावी. महाबळेश्वरात अशी खोली वर्षाकाठी जेमतेम सहा महिने मिळते. उरलेल्यांपैकी चार महिने तेथे भिंतींना घाम सुटतो, मिठाच्या बरणीत पाणी होते, काडेपेटीची काडी ओढली तर पेट न घेता तिचा गूल तेवढा निखळून पडतो आणि कपाटातल्या चपलांवर पांढुरकी बुरशी धरते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. मे महिना सरत आला की जुन्या बंगल्यांच्या जांभ्या दगडाच्या भिंतींना पूर्वी गवताच्या ताट्या बांधत. आता प्लॅस्टिकचे कागद बांधतात. अशा गावी बागेतली फुले सुकवून वर्षभर टिकणारा गुच्छ करावयाचा, हा विचार प्रथमदर्शनी वेडेपणाचाच वाटेल.

तरीही हे काम महाबळेश्वरात चांगले साधते. त्यासाठी वेळापत्रक मात्र काटेकोर पाळावे लागते, आणि ते वेळापत्रक मराठी घरांना अपरिचित नाही. होळी झाली की गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांचे वाळवण पडते आणि वळवाच्या सरींपूर्वी ते डब्यांत जाते. फुलांचे वाळवण हेही त्याच हिशेबाचे काम आहे. त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च हे महिने अधिक भरवशाचे, कारण तेव्हा डोंगरमाथ्यावर वारा असतो, धुके नसते आणि दुपारची हवा चांगली कोरडी असते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. पापडाला कडक ऊन लागते. फुलाला ते मुळीच सोसत नाही. उन्हात फूल लवकर वाळते हे खरे, पण त्याचा रंग उडतो आणि गुच्छाऐवजी हाती पाचोळा येतो.

जैन घरांत तर ओल आणि काळ यांचा संबंध कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन, हा हिशेब लहानपणापासून कानांवर असतो. हवेत दमटपणा वाढला की सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, हे त्या मर्यादेमागचे निरीक्षण. सुकलेल्या फुलाला ते जसेच्या तसे लागू पडते. ताज्या फुलाच्या वजनात ऐंशी ते नव्वद टक्के पाणीच असते. शंभर ग्रॅम फुले सुकवली तर हाती दहा-वीस ग्रॅम उरतात. हे पाणी किती लवकर आणि किती सावकाशीने काढून घेतले, यावर सारे अवलंबून. लवकर अशासाठी की बुरशीला अवसर मिळू नये. सावकाश अशासाठी की पाकळीचा आकार कोलमडू नये. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत आणि फुले सुकवण्याच्या सगळ्या पद्धती म्हणजे त्यांच्यात घडवून आणलेल्या तडजोडी आहेत.

कोरडेपणाची ताकद किती, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इजिप्तमधले. तूतनखामेन राजाची कबर १९२२ मध्ये सापडली. तिच्यातील शवपेट्यांवर ऑलिव्हची पाने आणि निळी रानफुले गुंफून केलेले हार होते. सुमारे ३,३०० वर्षे लोटली होती. रंग तपकिरी झाले होते, पण कोणते पान आणि कोणते फूल हे ओळखता येत होते. त्या फुलांना वाळवंटाची हवा लाभली होती आणि गडद अंधार लाभला होता. महाबळेश्वरात यांपैकी अंधार मिळवणे सोपे. हवेची व्यवस्था माणसाला करावी लागते.

या उद्योगात नवखा माणूस फूल निवडताना बहुधा फसतो. जे फूल ताजेपणी सर्वांत रसरशीत दिसते तेच सुकवावे, असे त्याला वाटते. वस्तुतः टिकतात ती फुले, जी झाडावर असतानाच अर्धी कोरडी असतात. हेलिक्रायसम हे मूळचे ऑस्ट्रेलियातले फूल. त्याला सर्रास कागदी फूल म्हणतात. त्याच्या चमकदार पिवळ्या, तांबड्या, गुलाबी ‘पाकळ्या’ या पाकळ्या नसतातच. ती फुलोऱ्याला वेढणारी सहपत्रे असतात आणि बोटांनी चाचपली तर ताजेपणीही कागदासारखी वाजतात. स्टॅटिसचेही तसेच. ज्याला फूल समजून लोक विकत घेतात तो जांभळा भाग म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण. खरे फूल त्यातून डोकावणारे, बारीक, पांढरट असते आणि ते लवकरच झडून जाते. गोम्फ्रेनाचे जांभळे गोंडे आणि बोगनवेलीची झगमगती झुंबरे ही पुन्हा सहपत्रांचीच करामत. थोडक्यात, झाडाने फुलाच्या रक्षणासाठी वा शोभेसाठी जे वेष्टन दिले ते टिकते, आणि ज्याच्यासाठी ते दिले ते नाहीसे होते. निसर्गाच्या जमाखर्चातली ही नोंद जरा विचार करायला लावणारी आहे.

याच वर्गातले एक अस्सल देशी नाव म्हणजे कुरडू. पावसाळा संपता संपता शेताच्या बांधावर, पडीक रानात त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे राहतात. शेतकऱ्याला ते तण वाटते आणि तो ते उपटूनच टाकतो. हेच तुरे उपटलेल्या ढिगातून निवडून घरी आणले तर दोन आठवड्यांत उत्तम वाळतात आणि त्यांची चकाकी टिकते. खाली एक वर्तमानपत्र पसरावे लागते, कारण वाळताना त्यांतून बारीक काळे चकचकीत बी झडत राहते. पैशाचा खर्च शून्य आणि कोणत्याही झाडावर कात्री चालवावी लागत नाही. गुच्छासाठी परदेशी बियाण्यांची पाकिटे मागवण्यापूर्वी कुरडूचा विचार व्हावा, असे हा सारा हिशेब मांडल्यावर वाटते.

आणि बकुळ? सुकूनही न संपणाऱ्या फुलाची मराठी घरातली पहिली ओळख बकुळीचीच. पहाटे आपोआप गळून पडणारी ती इवली फुले अंगणातून वेचायची, सुईदोऱ्याने ओवायची आणि सुकल्यावर लुगड्यांच्या घडीत ठेवून द्यायची, हा रिवाज मराठी घरांत कैक पिढ्यांचा. बकुळीचा रंग जातो, ती तांबूस-तपकिरी होते. सुगंध मात्र महिनोन्महिने राहतो. फुलदाणीतल्या गुच्छात तिचा उपयोग नाही, कारण तिला मिरवता येईल असा देठ नाही. पण गुच्छाच्या तळाशी एका लहान वाटीत मूठभर सुकी बकुळ ठेवली तर रंग एकाचा आणि गंध दुसऱ्याचा, अशी सोय होते. बाजारातल्या अत्तराच्या थेंबांपेक्षा ही सोय केव्हाही सरस.

महाबळेश्वरच्या बागांची परंपरा मुख्यतः इंग्रजी अमदानीतली. १८२०च्या दशकाअखेरीस गव्हर्नर माल्कम यांच्या काळात येथे हवा खाण्याचे ठाणे वसले; पुढे काही वर्षे येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे व भाजीपाल्याचे मळे फुलवले. बंगल्यांभोवती गुलाब, डेलिया, हायड्रेंजिया आले. यांपैकी हायड्रेंजिया हे या डोंगराचे मानकरी म्हणावे असे फूल. जांभ्या खडकापासून झालेली माती आम्लधर्मी असते, अशा मातीतले ॲल्युमिनियम झाडाला मिळते आणि म्हणून गुच्छाला निळी झाक येते. त्याच झाडाची फांदी खाली सांगलीकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लावली तर फूल गुलाबीकडे झुकते.

हायड्रेंजिया सुकवताना पुस्तकातला सल्ला येथे पुरेसा पडत नाही. सल्ला असा की, गुच्छ झाडावरच ठेवावा. त्याच्या दलांचा हात लावल्यावर कागदी स्पर्श जाणवू लागला की मग तोडावा. थंड देशांत उन्हाळ्यानंतर कोरडा शरद ऋतू येतो, तेथे हे जमते. महाबळेश्वरात या फुलाचा मुख्य बहर उन्हाळ्याच्या शेवटी येतो आणि पाठोपाठ पाऊस. झाडावर पिकण्याची वाट पाहिली तर जूनमध्ये तेथे फक्त काळा लगदा उरतो. म्हणून लवकर उमललेले, चांगले घट्ट झालेले गुच्छ निवडून, पाने काढून, दोन इंच पाणी असलेल्या बरणीत उभे करावे आणि पुन्हा पाणी घालू नये. पाणी संपत जाते तसतसे फूल न कोमेजता सुकते. ऐकायला हे उफराटे वाटते. पण कोवळा हायड्रेंजिया एकदम कोरडा पाडला तर तो तासाभरात मान टाकतो. त्याला पाण्याची सवय हळूहळू सोडवावी लागते.

बाकीच्या फुलांना टांगण्याचीच पद्धत बरी. सकाळी दव उडून गेल्यावर, ऊन चढण्यापूर्वी फुले तोडावीत. पूर्ण उमलण्याच्या किंचित आधीची असावीत. हेलिक्रायसम तर कळी नुकती उकलत असतानाच घ्यावे लागते, कारण ते तोडल्यानंतरही उमलत राहते आणि उशीर झाला तर मधला भाग कापसासारखा फुटून येतो. त्याचा देठ नाजूक असतो, म्हणून फूल ताजे असतानाच देठाच्या जागी बारीक तार खोवतात. फूल सुकून आवळले की ते तार आपोआप घट्ट धरते. इतर फुलांची खालची पाने काढून सात-आठ देठांची जुडी करावी. ती दोऱ्याने न बांधता रबरबँडने बांधावी. देठ सुकताना बारीक होतात. दोरा सैल पडून अर्ध्या रात्री फुले जमिनीवर येतात, रबर मात्र त्यांच्याबरोबर आवळत जाते. जुडी उलटी टांगायची ती देठ सरळ राहावा आणि फुलाची मान लवू नये म्हणून. माळा, जिन्याखालची कोठी, पडदे ओढलेली पाहुण्यांची खोली, यांपैकी काहीही चालते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या जवळपासची जागा टाळावी. दोन ते तीन आठवड्यांनी देठ वाकवून पाहावा. कट्कन मोडला तर काम झाले, लवला तर अजून पाणी आहे.

गुलाबाची गोष्ट निराळी. टांगून तो सुकतो, पण आकसतो. लाल गुलाब काळपट मरून होतो आणि पांढरा पिवळट पडतो. गुलाबी, पिवळे आणि केशरी त्या मानाने बरे राहतात. आकार टिकवायचा तर सिलिका जेल वापरावे लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात त्याचा थर द्यायचा, फूल वर तोंड करून ठेवायचे आणि पाकळ्यांच्या आतबाहेर हळुवार दाणे सोडत फूल झाकून टाकायचे. लहान फुलांना दोन-तीन दिवस, भरदार गुलाबाला आठवडाभर. सिलिका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी शोषून घेते, मग तिची ताकद मंदावते. म्हणजे शंभर ग्रॅम गुलाबांतले ऐंशी ग्रॅम पाणी काढायला निदान चारशे ग्रॅम सिलिका हवी. पाव किलोच्या पाकिटात अर्धा किलो फुले कोंबणाऱ्यांची निराशा याच गणितात दडलेली असते. ओली झालेली सिलिका तापवून पुन्हा वापरता येते. मात्र निळ्या खड्यांत कोबाल्टचे क्षार असतात आणि ते अपायकारक आहेत. म्हणून शक्यतो नारिंगी किंवा पांढरी घ्यावी, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये आणि ओतताना नाकावर फडके बांधावे. ज्यांना हा खर्च नको त्यांनी धुऊन, चाळून, कडकडीत वाळवलेली बारीक वाळू घ्यावी. ती पाणी शोषत नाही, फक्त आकार धरून ठेवते. म्हणून वेळ दुप्पट-तिप्पट लागतो आणि डब्याचे झाकण उघडे ठेवावे लागते.

लग्नातली वरमाला सुकवून द्या, अशी मागणी अलीकडे फार ऐकू येते. तिला बहुतेक वेळा नकारच द्यावा. वरमालेत निशिगंध असतो, मोगरा असतो. दोन्ही पाण्याने भरलेले. सुकताना ते तपकिरी होतात, दोऱ्याभोवती ओल धरून ठेवतात आणि बुरशीला आमंत्रण देतात. निवृत्तीच्या समारंभात मिळणाऱ्या सेलोफेनबंद गुच्छांचेही तेच. काही शे रुपयांचा तो गुच्छ घरी येईपर्यंत आतल्या आत उबलेला असतो. त्याच दिवशी कागद फाडून त्यातले दोन-तीन घट्ट गुलाब सोडवून घेतले तर ते वाचतात. टेबलावर चार दिवस मिरवून मग सुकवायला घेतले तर काहीच हाती लागत नाही.

केवळ फुलांचा गुच्छ उघडाबोडका दिसतो, त्याला पाने हवीत. पानांसाठी ग्लिसरीनची रीत आहे : एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, आणि त्यात चार बोटे बुडेल असा ताज्या डहाळीचा ठेचलेला देठ. पानातल्या पाण्याची जागा ग्लिसरीन घेते आणि पान लवचीक राहते. ते चुरत नाही. पाचगणीच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या सिल्व्हर ओकची पाने या कामी फार चांगली. वादळवाऱ्यात मोडून पडलेल्या हिरव्या फांद्या तेथे वाटेवर सापडतात. ग्लिसरीन प्राणिजन्य चरबीपासूनही बनते, तेव्हा बाटली घेताना वनस्पतिजन्य असल्याची खात्री करून घ्यावी.

बागेच्या कुंपणापलीकडे मात्र हात जाता कामा नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. कासवरच्या गेंदाची पांढरी, गोल, बटणासारखी फुले पाहून कोणाही गुच्छ करणाऱ्याला मोह होईल, कारण ती जात्याच कोरड्या बांध्याची. ब्राझीलमध्ये याच कुळातली फुले ‘सदाजिवंत’ अशा अर्थाच्या नावाने ओळखली जातात आणि मिनास जेराइस प्रांतातल्या डोंगराळ भागातील गावे ती पिढ्यानपिढ्या वेचून, सुकवून विकत आली आहेत. पण बाजार वाढला तशी तोड वाढली, काही जाती संकटात आल्या, निर्बंध आले. वेचणाऱ्यांच्या पारंपरिक व्यवस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२० मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली, ती त्यांनी रान राखून वेचण्याची रीत सांभाळली म्हणून. कासला अशी कोणतीही पारंपरिक वेच नाही. तेथले फूल तोडणे म्हणजे निव्वळ चोरी. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीबद्दल तर बोलायलाच नको. ती एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या वाळक्या काड्यांनी मात्र या डोंगरातल्या कितीतरी घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे लागते, कारण या मासिकाच्या वाचकांच्या मनात तो आतापर्यंत आलाच असेल. वनस्पती हाही एकेंद्रिय जीव. मग शोभेसाठी फूल तोडावे का? आणि जे अनित्य आहे ते धरून ठेवण्याची ही धडपड म्हणजे परिग्रहाचाच एक नाजूक प्रकार नव्हे का? पूजेत काही परंपरा ताजी फुले वाहतात, काही केशराने रंगवलेले तांदूळ फूल म्हणून अर्पण करतात. दोन्हींमागे विचार आहे. सुकवलेल्या फुलांचा पूजेशी संबंध नाही, ती दिवाणखान्याची वस्तू. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो.

याचे उत्तर प्रमाणात शोधावे लागते. गुलाबाच्या छाटणीत कळ्यांसकट फांद्या जातातच; हायड्रेंजियाचे गुच्छ पावसात सडायचेच असतात; कुरडू उपटलाच जातो; बकुळ स्वतःहून गळते. एवढ्यावरच थांबायचे ठरवले तर तोडण्यासाठी तोडणे फारसे उरत नाही. ठेवण्यालाही मर्यादा हवी : घरात एक गुच्छ, फार तर दोन, आणि नवा झाला की जुना बाहेर. लेखाशास्त्रात मालमत्तेवर दरसाल घसारा लावतात. सुक्या गुच्छावर तो न लावताच लागतो. पहिल्या वर्षी रंग जवळजवळ पूर्ण, दुसऱ्या वर्षी फिका, तिसऱ्या वर्षी धूळ आणि ममत्व यांखेरीज काही उरत नाही. तरीही तो टाकवत नाही अशी घरे असतात. महाबळेश्वर-पाचगणीतली जुनी घरे आता हात बदलत आहेत. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, घर सांभाळणारे कोणी नाही. घर विकताना भांडी-फर्निचर नेता येते, बाग नेता येत नाही. आईने लावलेल्या, तिच्यामागे दहा वर्षे फुलत राहिलेल्या गुलाबाची शेवटची चार फुले कोणी सुकवून नेली, तर त्याला परिग्रह म्हणणे जड जाते. मात्र ती चार फुले काचेच्या लहान बरणीत, घट्ट झाकणाखाली, चिमूटभर सिलिकेसह ठेवावीत. गुच्छात मिसळली तर घसारा त्यांनाही लागेल.

उरतो पावसाळा. हेलिक्रायसमचा येथे एक अनपेक्षित उपयोग होतो. त्याची सहपत्रे सुकल्यानंतरही हवेतल्या ओलीला प्रतिसाद देतात. दमटपणा वाढला की आत वळून मिटतात, कोरड पडली की पुन्हा उघडतात. त्यात जीव नसतो, केवळ तंतूंचे फुगणे आणि आकसणे असते. मेच्या अखेरीस, आकाशात अजून ढगही फारसे नसताना, फुलदाणीतली कागदी फुले एके सकाळी अर्धी मिटलेली दिसतात. तीच डबे काढण्याची वेळ. पत्र्याचा कोरडा डबा, तळाला सिलिकेची पुरचुंडी, मध्ये मऊ कागद, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. फुले दोन दिवस पुन्हा कोरड्या खोलीत टांगून मगच भरावीत; ओल आत कोंडली गेली तर डबा न भरलेला बरा. सुक्या फुलांत कीड पडते आणि मग तिला मारण्याचे उपाय लोक सांगतात. कीड पडूच न देणे हा त्यावरचा उपाय, आणि तो डबा बंद करण्यापूर्वीच करायचा असतो.

दुसरा मार्ग गुच्छच खाली पाठवण्याचा. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे आणि तेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास अडखळतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीची गत तीच. दुष्काळाशी झगडणाऱ्या त्या भागाबद्दल असे बोलणे थोडे संकोचाचे वाटते, पण तिकडची कोरडी हवा सुक्या फुलांना मानवते. डोंगरावर फेब्रुवारीत वाळलेला गुच्छ मे महिन्यात म्हसवडला किंवा आटपाडीला नातलगांकडे एसटीने गेला, तर ऑगस्टमध्येही तो कपाटावर ताठ उभा असतो. सोबत चिठ्ठी मात्र द्यावी लागते : खिडकीजवळ ठेवू नये, पंख्याखाली ठेवू नये, आणि धूळ झटकायची ती फडक्याने नव्हे, रंगाच्या कोरड्या मऊ कुंचल्याने.